विरोध नेमका कशाला होता?

ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून अमेरिकेत २०१२ मध्ये मोर्चे निघाले, त्यांबद्दल "ते लोक गरिबांच्या आरोग्यविम्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते" असं एका प्रतिसादात वाचलं. ते विधान फारच सरसकट वाटलं. २३ मार्च २०१२ ला, ओबामांनी आरोग्य कायद्यावर सही केल्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, अमेरिकेत शंभराहून जास्त शहरांत निदर्शनं झाली. त्यांचा रोख मुख्यतः एका नियमावर होता: नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरायचा, तोही कर्मचाऱ्याला एक पैसा न लावता. चर्चना यातून सूट होती. कॅथलिक रुग्णालयं आणि विद्यापीठांना मात्र तशी सरळ सूट नव्हती, आणि ठिणगी पडली ती तिथेच. गंमत म्हणजे, सगळ्यांना आरोग्यसेवा मिळावी असं कॅथलिक बिशपच वर्षानुवर्षं सांगत आले होते!

मी तेव्हा तिकडेच नोकरीला होतो. एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत फलक घेऊन गेली. दुसरी फणकारली, "माझ्या गोळ्यांचा निर्णय मालकाचा धर्म का घेणार?" मला दोघींचंही पटत होतं, त्यामुळे मी गुपचूप डबा खाल्ला.

पुढे २०१४ मध्ये याच नियमावरून हॉबी लॉबी या दुकानसाखळीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा मालकांच्या बाजूने निकाल दिला. आधार होता १९९३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा. हा कायदा ज्या निकालावरचा उपाय म्हणून आला, तो खटला अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या चर्चमधल्या पेयोटी (नशा आणणारं एक निवडुंग) सेवनाचा होता. म्हणजे अल्पसंख्याकांच्या ढालीमागे शेवटी हस्तकलेच्या सामानाची दुकानसाखळी उभी राहिली. मला खटकतं ते हे, मोर्चे नव्हे.