मदत हवी आहे: लिव्हरमधली हायडॅटिड गाठ, कोणतं ऑपरेशन?

नमस्कार मंडळी. काटोलकडच्या आमच्या मामांच्या लिव्हरमध्ये ८ सेंमीची हायडॅटिड सिस्ट, म्हणजे जंतामुळे होणारी पाण्याची गाठ, निघाली. सोनोग्राफीत 'सीई २' लिहिलंय, म्हणजे आत पिल्लं-गाठी. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणारा हा जंत. मामांकडे शेळ्याही अन् कुत्रीही, त्यामुळे नवल नाही. (आजी मात्र कॅन्सरच समजून रडत बसली आहे.)

धंतोलीतले सर्जन म्हणतात, आधी अल्बेंडाझोल (जंताचं औषध), मग कवचासकट गाठ काढू, पेरिसिस्टेक्टॉमी. रामदासपेठेतले म्हणतात, वरचं छप्पर कापून आतलं साफ करू, पोकळीत ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) भरू. सुईने पाणी काढायला दोघांचाही नकार. पोटात सांडलं तर जिवावरची ॲलर्जी होऊ शकते म्हणे.

नागपुरात कोणाच्या घरी यातलं एखादं झालंय का? पित्ताची गळती झाली का, निचऱ्याची नळी किती दिवस ठेवली? गाठ पुन्हा आली का?