फास्टर फेणेची नवीन गोष्ट आपण लिहिली तर चालेल का?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते. मुलाला रात्री झोपताना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवायचे, घरातली होती नव्हती तेवढी पुस्तकं संपली तरी त्याचं "मग पुढे?" काही संपेना, तेव्हा मीच मनाने सांगायला लागले आणि सांगता सांगता त्यात इतकी गुंतले की आता एक अख्खी गोष्ट लिहून झालीये. गोष्ट आजच्या फुरसुंगीतली आहे. बन्याचं, म्हणजे फास्टर फेणेचं, गाव तेच, पण आता तिथे पुण्याच्या कचऱ्याचा डेपो आहे, पाण्याचे टँकर आहेत, पलीकडे आयटीच्या काचेच्या इमारती आहेत. रात्री डेपोत नंबरप्लेट नसलेला एक डंपर येतो तिथून सुरुवात. आणि सांगणारी आहे फेणेच्या गोष्टींतलीच माली, कारण मला लहानपणापासून वाटायचं की या मुलीला अजून जागा मिळायला हवी होती.

माझी एक मैत्रीण लिहिते, तिची पुस्तकंही आलीयेत. तिला दाखवलं तर म्हणाली, दुसऱ्याच्या पात्रावर लिहिणं म्हणजे उसनवारी, त्यापेक्षा स्वतःचा मुलगा घडव. हे मनाला फार लागलं. मला यातून एक रुपया नकोय, फक्त ऑनलाइन टाकायचीये. वाचणाऱ्यांना असं काही वाचायला आवडतं का, आणि लिहिणाऱ्यांनो, तुमच्या पात्रावर कुणी लिहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? दोन्ही बाजू ऐकायच्यात.

रातकिडा
लिहा आणि टाका, मी पहिली वाचणार!! मी कॉलेजपासून हॅरी पॉटरची फॅन फिक्शन, म्हणजे वाचकांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या गोष्टी, वाचतेय. आर्काइव्ह ऑफ अवर ओन म्हणून साइट आहे, सगळं स्वयंसेवक चालवतात, जाहिरात एक नाही, आणि 2019 साली तिला ह्यूगो मिळालाय, तोच तो सायन्स फिक्शनवाल्यांचा मानाचा पुरस्कार. लोकांना वाटतं तिथे नुसत्या जोड्या जुळवणं चालतं. जोड्या असतात, भरपूर असतात, मलाही आवडतात. पण मी अडकले ते हॅरीच्या मावशीमुळे, पेट्यूनियामुळे. शेवटच्या पुस्तकात येतं ना, की लहानपणी तिने जादूच्या शाळेच्या हेडमास्तरला, डम्बलडोरला, पत्र लिहिलं होतं, मलाही शाळेत घ्या म्हणून, आणि त्याने नाही म्हणून कळवलं. मूळ पुस्तकात हे थोडक्यात उरकलंय. पण त्या नकारावर लोकांनी काय काय लिहिलंय! बहीण दर सुट्टीत जादू शिकून घरी येतेय आणि ही तिच्याच शेजारच्या खाटेवर झोपतेय, ते वाचल्यावर त्या कजाग मावशीकडे मी पहिल्यासारखी बघूच शकले नाही. हे मला रोलिंगबाईंनी दिलं नाही, कुठल्याशा अनोळखी पोरीने दिलं.

फक्त एक पाळा. पात्र तेच राहू दे. नाव हर्मायनीचं आणि बोलतेय कुणी भलतीच, असं झालं की मी दुसऱ्या परिच्छेदालाच बंद करते.

अनुस्वार
मी लिहितो, दिवाळी अंकांत कथा येतात, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. तुमची मैत्रीण कठोर बोलली पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. एखादं पात्र डोक्यात वर्षानुवर्षं राहतं. ते कधी गप्प बसेल, कुणासमोर खोटं बोलेल हे लिहिणाऱ्याला आतून माहीत असतं, आणि त्यातलं निम्मं तो कागदावर आणतच नाही. वाचकाला मोकळी जागा दिसते, पण बऱ्याचदा ती लेखकाने मुद्दाम ठेवलेली असते. ती कुणी भरून टाकली की मला त्रास होतो, तिथे पैशाचा प्रश्नच नाही. अमेरिकन लेखिका ॲन राइसने आपल्या पात्रांवर लिहायला उघडपणे मनाई केली होती, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनलाही हा प्रकार पटत नाही. ही माणसं काही कद्रू नाहीत.

दुसरं म्हणजे फेणे म्हणजे नुसता सायकलवाला धाडसी पोरगा नव्हे, तो भागवतांच्या भाषेत राहतो. फेणेच्या तोंडचं ते "ट्टॉक्" कुणीही लिहील, पण त्याच्या आधीचं वाक्य कसं पळतं ते बघा. ते जमलं नाही तर नक्कल होते, आणि जमलं तर एवढी ताकद असलेल्या माणसाने स्वतःचं का लिहू नये?

मालीचं मात्र मला पटलं. ती सांगणार म्हणजे तुम्हाला भागवतांचा आवाज काढून भागणारच नाही, तिचा स्वतःचा शोधावा लागेल.

जुनी_पुस्तकं
अनुस्वार, तुमची तळमळ कळते पण मोकळ्या जागेबद्दल मी भांडणार आहे. मराठी वाचक ज्या पुस्तकांवर पोसला त्यातली कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या मोकळ्या जागेतच उभी आहेत. खांडेकरांची 'ययाति' घ्या, 1959 ची. महाभारतात कच विद्या मिळवतो, देवयानीचा शाप घेतो आणि निघून जातो, संपलं. खांडेकर त्याला परत आणतात, शर्मिष्ठेच्या पाठीशी उभा करतात, आणि ययातिइतकीच शर्मिष्ठा आणि देवयानी स्वतःच्या तोंडाने बोलतात. 'मृत्युंजय' 1967 ची, तिथे कर्णाची बायको वृषाली आणि भाऊ शोण पानंच्या पानं बोलतात. मूळ कथेवर जीव जडलेला माणूस तिथे कोण बोललंच नाही ते शोधत जातो, फॅन फिक्शन लिहिणारी पोरं आज तेच करतायत.

आणि छापील पुस्तकांच्याही आधी आपल्या बायका जात्यावर बसून सीतेवर ओव्या रचत होत्या. त्या ओव्यांतल्या सीतेला सासुरवास आहे, अगदी गावातल्या सुनेला असतो तसा. दळणाऱ्या बाईने स्वतःचं दुःख तिच्या पदरात टाकलं आणि तिचं आपल्या पदरात घेतलं. कुणाची परवानगी घेतली होती? माझी आजी या ओव्या म्हणायची, तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सीता तिला कुठल्याही पंडिताइतकी ठाऊक होती.

एक फरक मीही मानते. रामायण-महाभारत सगळ्यांचं आहे, फेणे एका माणसाने घडवलाय आणि तो माणूस आपल्या आठवणीतला आहे. म्हणून भागवतांचं नाव पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात हवं.

काळा_कोट
भावना सगळ्यांच्या रास्त आहेत, कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे 2061 संपेपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्यांना दिलेत त्यांच्याकडे. शेरलॉक होम्सवर बिनधास्त लिहा, डॉयल 1930 मध्ये गेले. ठळक, ओळख असलेल्या पात्रालाही संरक्षण मिळू शकतं, मुंबई हायकोर्टाने 'दबंग' सिनेमातल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात 2016 साली तसं मत नोंदवलंय. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे, लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर आक्षेप घेता येतो, वारसांनाही. "पैसे घेत नाही" एवढ्याने कुणी आपोआप सुटत नाही, ही समजूत पहिली काढून टाका.

दुसऱ्या बाजूने, केरळ हायकोर्टाचं 1996 चं एक प्रकरण जरूर वाचा. मल्याळम नाटककार तोप्पिल भासींच्या गाजलेल्या नाटकातली पात्रं आणि प्रसंग घेऊन सिविक चंद्रन यांनी त्यालाच उत्तर देणारं नाटक लिहिलं, आणि कोर्टाने ते टीका म्हणून मान्य केलं. म्हणजे मूळ कृतीला काही विचारणारं लिखाण आणि नुसता पुढचा भाग यांत फरक पडू शकतो. तुम्ही सरळ प्रकाशकांमार्फत वारसांना पत्र लिहा, गोष्टही जोडा. माझ्या मते तोच चांगला रस्ता.

अनुस्वार
ओव्यांचं वाचून बराच वेळ विचार करत होतो. सीता सगळ्यांची झाली त्याला शेकडो वर्षं जावी लागली, आपण ती घाई जिवंत लेखकांवर करू नये, एवढं माझं म्हणणं अजूनही आहे. जो हयात आहे त्याला विचारा, तो नाही म्हणाला तर थांबा. पण पत्र लिहून, परवानगी मागून कुणी करत असेल तर माझी तक्रार नाही. कोरा_कागद, मालीचं पहिलं पान इथे टाकू नका, पण मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून मनापासून सांगेन.

कोरा_कागद
सगळ्यांचे खूप आभार, एवढं गांभीर्याने कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. ठरलं, आधी पत्र लिहिते. होकार आला तर इथेच टाकीन, नाही आला तर गोष्ट घरात राहील, मुलाची तर झालीच आहे. अनुस्वार, आज रात्री पाठवते. मालीचा आवाज मला अजून पूर्ण सापडलेला नाही, ती फार समजूतदार बोलतेय असं वाटतं, तिथेच तुमचं मत हवंय.

गाडीतळ_हडपसर
उशिरा आलो. माझं आजोळ फुरसुंगीचं, म्हणून दोन गोष्टी सांगतो, त्या गोष्टीत आणाच. एक, डेपोच्या बाजूने वारा फिरला की भर उन्हाळ्यातसुद्धा लोक खिडक्या लावून घेतात, पाहुणे आले की आधी त्याचीच लाज वाटते. दुसरं, टँकरचा हॉर्न. मामीला झोपेतही कळायचं की आपल्या आळीचा टँकर कुठला, आणि आम्ही पोरं हंडे घेऊन पळायचो. तुमची माली गावातली असेल तर डंपरचं इंजिन टँकरसारखं वाजत नाही हे तिला बॅटरी मारायच्या आधीच कळलं पाहिजे.