मदत हवी आहे: भावाच्या नोकरीसाठी जॉब कोच (कामाच्या जागी येऊन शिकवणारी व्यक्ती)

माझा भाऊ २२ वर्षांचा, ऑटिझम आणि सौम्य बौद्धिक अक्षमता, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. डिचोलीजवळ एका काजूच्या युनिटमध्ये पॅकिंगला महिनाभर ट्रायलवर घेतलंय. मालक चांगला माणूस आहे पण त्यालाही हे नवीनच.

अडचण अशी की २५० ग्रॅमचं पाकीट भरताना काट्यावर २५१ आलं की हा एक गर काढतो, मग २४९ होतं, परत घालतो, असं चालूच, आणि कोणी घाई केली की कान झाकून बसतो. मी रजा काढून पाच दिवस शेजारी बसले, फोटोंचा तक्ता लावला, काट्यावर २५० ते २५३ ला हिरवी पट्टी चिकटवली, त्याने बराच फरक पडला. पण मी नसले की गाडी परत तिथेच. माझी रजा संपली, आईला गुडघ्यांमुळे जमत नाही. बसने एकटा जातो, ती काळजी नाही.

सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा, त्यातला १ टक्का या गटाला, हे माहितीये, तो अर्ज वेगळा चालू आहे, कृपया तेच सुचवू नका.

उत्तर गोव्यात कामाच्या जागी येऊन तीन-चार आठवडे शिकवणारं, कोकणी किंवा मराठी बोलणारं कोणी आहे का (इंग्लिश त्याला झेपत नाही), साधारण किती घेतात? आणि पगार सुरू झाल्यावर दयानंद योजनेचे (गोवा सरकारची दिव्यांगांनाही दरमहा मदत देणारी योजना) पैसे कुणाचे बंद झालेत का?