वर्षावासात विहाराचा हॉल कुणाचा? वाचनाचा की अभ्यासिकेचा?

सातपूरकर (धागाकर्ता)
जय भीम मंडळी. विषय आमच्या वस्तीतल्या विहाराचा आहे, पण नाशकात सिडको, उपनगर, जेलरोड, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालू असणार म्हणून इथे मांडतो.

आमच्याकडे एकच हॉल. वर्षभर संध्याकाळी तिथे बारा-पंधरा पोरं अभ्यासाला बसतात. कुणी भरतीचं, कुणी एमपीएससीचं, दोघी-तिघी दहावीच्या. घरं दहा बाय बाराची, टीव्ही चालू, त्यामुळे दुसरीकडे जाणार कुठे? आषाढी पौर्णिमा उजाडली की वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी थांबायचा काळ, लागतो आणि सात ते नऊ बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चं वाचन सुरू होतं, ते थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. तीन महिने पोरं बाहेर.

मागच्या आठवड्यात पाऊस कोसळत होता. एक पोरगी पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी, मोबाइलच्या उजेडात गणितं सोडवत होती. वहीवर शिंतोडे उडून शाई फुटलेली. आत माइकवरून प्रज्ञेवरचं प्रकरण चाललेलं. मला काही ते बघवलं नाही.

माझं स्पष्ट मत: वाचन रविवारी आणि पौर्णिमेला ठेवा, बाकी दिवस हॉल पोरांना द्या. ग्रंथ आता घरोघरी आहे, घरी वाचता येतो. आणि चाळीस माणसांसाठी माइक कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मोहरीचा दाणा
दादा, ‘घरी वाचा’ हे लिहायला सोपं आहे. माझ्या आईला वाचता येत नाही. चार घरची धुणीभांडी उरकून ती साडेसहाला घरी येते, पांढरं पातळ नेसते आणि विहारात जाते. वर्षातले नऊ महिने ती लोकांचं ऐकून घेते. हे तीन महिने ऐकायला जाते.

आमच्याकडे वाचणारे काका कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. भिंग धरून वाचतात, अडखळतात. बायका म्हणतात, ‘परत वाचा हो.’ किसा गोतमीचा भाग आला त्या दिवशी मीही गेले होते. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरून मोहरी आण, या वाक्याशी वाचन चार वेळा थांबलं असेल. माझा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. घरात आई त्याचं नाव काढत नाही. त्या दिवशी शेजारच्या मावशीला तिने आपण होऊन सांगितलं, माझा पोरगा पण असाच गेला.

हे रविवारी उरकायचं का?

पोरीला पायरीवर बसावं लागलं ते चूकच आहे. पण त्याला ग्रंथ जबाबदार नाही. वरच्या खोलीत काय ठेवलंय ते सांगा आधी. प्रत्येक विहाराला वरची खोली असते आणि प्रत्येक खोलीला कुलूप असतं.

सातपूरकर
ताई, आईबद्दल वाचून गप्प झालो. वरची खोली आहे. जयंतीच्या कमानीचे पाइप, मोडक्या खुर्च्या आणि दोन बंद पडलेले साउंड बॉक्स. पण ती रिकामी करायला तीन वर्षं सांगतोय, कुणी हलत नाही. म्हणून हॉल मागितला.

जुना समता सैनिक
वाचन कमी करायची भाषा इथे चालणार नाही, आधीच सांगतो. १९५६ नंतर आमच्या वस्तीत भिंतीला टेकवलेला बाबासाहेबांचा फोटो आणि एक कंदील, एवढंच विहार होतं. बाकी काही नव्हतं, पण वंदना चुकली नाही. याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं पुढे होती. दार उघडावं म्हणून लोकांनी काठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले. आणि आज आपलीच माणसं म्हणतात हॉल रिकामा करा?

रात्रपाळी
काका, मान राखून बोलतो. प्रत्येक वादात काळाराम आणू नका. तिथे दार बंद होतं म्हणून लोक उभे राहिले. आमच्या विहाराला कुलूप लागलं ते मागच्या वर्षी इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली म्हणून. आणि तेव्हापासून पोरंही बाहेर, वाचनही लवकर गुंडाळतात.

मी अंबडला कंपनीत आहे. आता जे बोलतो ते त्याच ग्रंथाच्या जोरावर बोलतो. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच चार अडचणीचे प्रश्न मांडलेत. चौथा भिक्खूंबद्दल आहे. भिक्खू घडवण्यामागे बुद्धाचा हेतू काय होता, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की लोकांची सेवा करणारा? नुसता परिपूर्ण असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी रोखठोक लिहिलंय. जी कसोटी भिक्खूला, तीच विहाराला लावा. दहावीची पोरगी पावसात आणि आपण आत साधु साधु साधु.

आनापान
दोन्ही बाजूंनी आवाजाचंच बोलणं चाललंय. विहारात शांत बसणं कुणालाच नको का? आपल्या जिल्ह्यात, इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. जगभरातून माणसं येऊन दहा दिवस मौनात बसतात, पहाटे चारला उठतात, फी एक रुपया नाही. आणि आपल्या वस्तीत अर्धा तास आनापानाला, म्हणजे नुसतं श्वासाकडे लक्ष देत बसू म्हटलं की लोक घड्याळ बघतात. नऊ ते साडेनऊ ध्यान ठेवा, पोरांचीही एकाग्रता वाढेल.

रात्रपाळी
दहा दिवस रजा मागितली तर सुपरवायझर म्हणेल, कायमचाच शांत बस. साडेनऊला माझी बस असते. ध्यानाला विरोध नाही माझा, पण हॉलवर तिसरा हक्कदार आणू नका राव.

लेणीवेडा
मी बहुतेक रविवारी त्रिरश्मी लेण्यांवर असतो. (पांडवलेणी म्हणणाऱ्यांशी भांडून दमलोय, आता फक्त हसतो.) तिथल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. तो ह्या धाग्यासाठीच कोरलाय असं वाटावं.

त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले, पण हातात नाही दिले. इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊणने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता २००० चं व्याज काढा: महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा करून बघा.

पै न पै जुळते! आणि हिशेब लपवून ठेवलेला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भिंतीवर कोरलाय. आमच्या विहाराचा मागच्या जयंतीचा हिशेब मी अजून वहीतसुद्धा पाहिलेला नाही. जमणाऱ्या वर्गणीतला निम्मा पैसा मुदत ठेवीत टाका. व्याजातून वरच्या खोलीला पंखा, ट्यूबलाइट, चार टेबलं. वाचन खाली चालू राहील.

मोहरीचा दाणा
लेणीवेडा, हिशेब आवडला. एक भर घालते. पावसाळ्यात भिक्खू एका जागी थांबायला लागले ते कशावरून? हे उगवतं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, त्यावरून. म्हणजे वर्षावासाचा नियमच मुळात लोकांची कुरकुर ऐकून झालेला आहे. आमच्या कार्यकारिणीला एक पाइप हलवायला तीन वर्षं लागतात.

जुना समता सैनिक
पोरीचा मुद्दा मी नाकारत नाही, बाळांनो. माझी नात त्याच वयाची आहे. पण वाचन आठवड्यातून एकदा झालं की महिन्यातून एकदा होतं, मग खीरदानापुरतं उरतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, बालसंस्कार वर्गाचं असंच झालं. एकदा सवय मोडली की ती परत लागत नाही. वरची खोली रिकामी करायला माणसं लागत असतील तर मी येतो. पाइप उचलणार नाही, खुर्च्या उचलीन.

रात्रपाळी
काका, पाइप मी उचलतो. शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. पण जयंतीला कमान लागेल तेव्हा ती कुठून आणायची, हा प्रश्न पहिला तुमच्याच पिढीतून येणार, लिहून ठेवा.

आनापान
माझं ध्यान राहिलंच.

सातपूरकर
सगळ्यांचं वाचलं. वाचन रविवारवर ढकलायचं माझं म्हणणं मागे घेतो. माइकचं नाही घेत. काल मुद्दाम बंद माइकने वाचायला लावलं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. एक आजी म्हणाल्या, आज काका भांडल्यासारखे वाटले नाहीत.

वरच्या खोलीची किल्ली अजून कार्यकारिणीकडेच आहे. शुक्रवारी बैठक लावलीये. महिला मंडळाच्या दोघी आणि अभ्यास करणाऱ्यांपैकी एक, यांना बोलवाच, असं लेखी दिलंय. उषवदाताचा हिशेब कागदावर छापून नेतोय.

मोहरीचा दाणा
दादा, बैठक किती वाजता?

सातपूरकर
सात वाजता.

मोहरीचा दाणा
सातला वाचन असतं.