परक्या देशाची राजधानी: तुम्हाला ती कशी भेटली?

निलगिरी

काल नागपुरात सदरहून घरी येत होते. अधिवेशन सुरू आहे, त्यामुळे विधानभवनाच्या बऱ्याच अलीकडे बॅरिकेड. ऑटोवाले काका म्हणाले, "इथून पायीच जा लागते बाई, मोर्चा येऊन राहिला." उतरले. समोरून अंगणवाडीच्या बाया येत होत्या. चालून दमलेल्या, तरी घोषणा खणखणीत. मी कडेला उभी राहिले आणि कॅनबेरातली एक दुपार आठवली. रात्री झोप लागेना म्हणून लिहिते आहे.

माझ्या डोक्यात राजधानी म्हणजे हेच होतं. डिसेंबर, स्वेटर, दिव्याच्या गाड्या, आणि कुठून कुठून गाऱ्हाणं घेऊन आलेली माणसं. बाबा सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. शेजारची बिऱ्हाडं ट्रकात सामान भरून भोपाळला, मुंबईला गेली आणि खेळायला पोरं जमेनात, हे ते अजून सांगतात.

2011 च्या जुलैत नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅनबेराला गेलो. सिडनीहून बसने साडेतीन तास. उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, दुकानं बंद, अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळी गवतावर बर्फासारखं दहिवर. पहिला महिना मी खिडकीतून जाणारी-येणारी माणसं मोजायची. एका सकाळी सगळ्यात जास्त म्हणजे अकरा झाली. ही राजधानी? मला फार एकटं वाटायचं.

मग लायब्ररीत जाऊन वाचायला लागले. सिडनी आणि मेलबर्न दोघांनाही राजधानी हवी होती. शेवटी घटनेतच लिहिलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब. तोवर संसद मेलबर्नला. ती कॅनबेरात यायला 1927 उजाडलं. दोन शहरांच्या भांडणात एका मेंढ्यांच्या माळरानाला राजधानी मिळाली, आणि आमच्या नागपूरची होती ती गेली. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

ती दुपार ऑक्टोबरातली. 1988 ची नवी संसद टेकडीच्या पोटात बांधली आहे आणि टेकडीचं गवत तिच्या छपरावरून जातं. आम्ही वर चढलो. लेक पाच वर्षांची, तिने अंग टाकलं आणि उतारावरून गडगडत खाली गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सुरक्षा रक्षक हसत पाहत होता. खाली खासदार बसलेले आणि त्यांच्या डोक्यावर माझी पोर लोळते आहे. त्या दिवशी ते गाव मला आपलं वाटलं. 2017 मध्ये सुरक्षेसाठी त्या हिरवळीवर कुंपण घातलं. आता छपरावर जायचं तर आतून, तपासणी होऊन. कुंपण पाहिलं त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकही केला नाही.

तुमच्याकडची राजधानी तुम्हाला कशी भेटली? लांबलचक लिहा, मी सुट्टीवर आहे.

तर्री_पोहा

मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर काल आम्हीही दीड तास अडकलो होतो. तुम्ही कधी आल्या ताई? सकाळचे पोहे झाले का नाही?

मस्कतवाली

मी 1998 पासून मस्कतला. नागपूरचा मे पाहिलाय म्हणून ऊन म्हणजे काय ते मला माहीत, असं वाटायचं. पण तिथे हवा दमट. आपला कूलर, वाळ्याचे ताटवे, काही म्हणजे काही उपयोग नाही. आपल्याकडे कोरडी हवा पाणी शोषते म्हणून गार होते, तिथे ती आधीच पाण्याने भरलेली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ओला टॉवेल खिडकीला लावून बसायच्या, नंतर त्यांनीच काढला.

राजधानी म्हणून काय वाटलं सांगू? सगळी घरं पांढरी नाहीतर फिक्या रंगाची, उंच इमारती नाहीत, मागे काळेतपकिरी उघडे डोंगर. गाडी घाण दिसली तर दंड. नवरा शुक्रवारी सकाळी आधी गाडी धुतो, मग चहा. जुन्या मस्कतमध्ये सुलतानांच्या राजवाड्याजवळच मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे रांगेत उभं राहिलं की गुजराती, तामिळ, मल्याळी, मराठी सगळे. माझी पहिली मैत्रीण त्याच रांगेत मिळाली, भंडाऱ्याची निघाली! जानेवारी 2020 मध्ये सुलतान काबूस गेले तेव्हा आमच्या गल्लीतला ओमानी किराणावाला दुकानात बसून रडत होता. पन्नास वर्षं एकच राजा. मी त्याच्याजवळ बसले, बोलायला शब्द नव्हते. कुकर झाला, उरलेलं नंतर.

कालवा

ओटावा. डाउनटाउन. हिवाळ्यात रिडो कालवा गोठतो, 7.8 किलोमीटर. पहिल्या वर्षी पाहिलं तर लोक पाठीवर ऑफिसची बॅग लावून स्केटिंग करत कामाला चालले होते. मी खांबाला धरून उभा. एक सत्तरीची आजी थांबली, हात दिला, पुलापर्यंत घेऊन गेली. नाव नाही विचारलं, अजून मनात आहे.

2022-23 च्या हिवाळ्यात कालवा उघडलाच नाही, बर्फ पुरेसा धरला नाही म्हणून. असं पहिल्यांदाच झालं. माझ्या मुलाने त्या वर्षी नवे स्केट घेतले होते.

मोर्चाचं म्हणाल तर, 2022 च्या जानेवारी-अखेरीस ट्रकवाले आले आणि तीन आठवडे संसदेसमोरचे रस्ते अडवून बसले. हॉर्न दिवसरात्र. आमची मुलगी चार महिन्यांची होती. आंदोलन करायचा हक्क मला मान्य आहे, मीही कॉलेजात यशवंत स्टेडियमहून मोर्चात चालत आलो आहे. पण रात्री दोनला तान्हं पोर दचकून उठतं तेव्हा माणूस फार हतबल होतो.

निलगिरी

@कालवा, मुलगी आता कशी आहे? आणि त्या आजींबद्दल वाचून बरं वाटलं.

कालवा

मस्त आहे. मोठ्या आवाजाला अजून घाबरते, फटाक्यांनाही. यंदा दिवाळीत घरात मोठ्याने गाणी लावून ठेवली.

महालची_आजी

मी परदेशात राहत नाही, लेकीकडे तीन महिने वॉशिंग्टनला होते, तरी लिहिते. तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत. रोज डबा घेऊन जायची आणि पाय दुखेपर्यंत बघायची. गरीबालाही बघता येतं हे मला फार आवडलं. चेरीची झाडं जपानने 1912 मध्ये दिलेली, ती फुलली तेव्हा मी तिथे होते.

निलगिरी, तुझ्या बाबांचं वाचून डोळे भरले गं. तेव्हा मी आठ वर्षांची. आमचे काका सेक्रेटरिएटात कारकून, ते भोपाळला गेले ते तिकडचेच झाले. काकूने जाताना तुळशीचं वृंदावन आमच्या अंगणात आणून ठेवलं, म्हणाली दोन वर्षांत परत येतो. अजून आहे. बाबा तेव्हा कुठल्या क्वार्टरात राहत होते? आमच्या ओळखीतले असतील.

तर्री_पोहा

आजी, महालात कुठे? आमचं घर गांधी गेटजवळ.

महालची_आजी

अरे मग तू आमचाच की! कोतवाली चौकीकडून आत.

वारा

वेलिंग्टन. इथे छत्री घेऊन चालणारा माणूस दिसला की समजायचं नवा आहे. राजधानी 1865 मध्ये ऑकलंडहून इकडे आली. 14 नोव्हेंबर 2016, मध्यरात्रीनंतर भूकंप. मी नागपूरचा, जमीन हलते हे अंगाला माहीतच नव्हतं. शेजाऱ्याने दार वाजवून बाहेर काढलं, अंगावर त्याचं जॅकेट घातलं, मग सगळी गल्ली चढावर चालत गेली, त्सुनामीच्या भीतीने. पहाटे उंचावरून सारं शहर दिसत होतं. ड्यूटी आहे, एवढंच.

मॅग्पाय

निलगिरीताई, मीही कॅनबेरातच, टगेरानाँगला! तुम्हाला शांततेचा त्रास झाला, मला तीच आवडली. अंगणात संध्याकाळी कांगारू येतात, आई व्हिडिओ कॉलवर त्यांनाच बघते. वसंतात मॅग्पाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, म्हणून सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे काटे लावतात. माझा मुलगा त्यांना शाळेच्या वाटेवर रोज नमस्कार करतो.

पण 2019 चा डिसेंबर आणि 2020 चा जानेवारी विसरता येत नाही. वणव्यांचा धूर. दाराच्या फटींना ओले टॉवेल, पोरांना बाहेर सोडायचं नाही, दुपारी सूर्य लाल. आणि 20 जानेवारीला गारपीट, गाडीच्या काचा गेल्या.

ताई, एक विचारायचं होतं. इथल्या तलावाला ज्याचं नाव आहे तो बर्ली ग्रिफिन लखनौला वारला हे खरं का?

निलगिरी

खरं. शिकागोचा आर्किटेक्ट. 1912 मध्ये कॅनबेराच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. नकाशाची सुंदर चित्रं त्याची बायको मॅरियन माहोनी हिने काढली. नंतर सरकारी अधिकाऱ्यांशी खटके उडाले, काम सुटलं. 1935 मध्ये विद्यापीठाच्या लायब्ररीच्या कामासाठी लखनौला आला, 1937 मध्ये तिथेच गेला, तिथेच पुरलं. त्याने कागदावर आखलेला तलाव पाण्याने भरला तो 1964 मध्ये. त्याने तो पाहिलाच नाही. मी त्या तलावाकाठून रोज चालत ऑफिसला जाते.

या खेपेला लेक म्हणते आहे की लखनौला जाऊन फुलं ठेवू. आता ती एकोणीस वर्षांची आहे. बाबाही येतो म्हणाले. नागपूरहून थेट गाडी आहे का कोणती?

तर्री_पोहा

राप्तीसागर जाते की. पण जानेवारीत तिकडे धुकं, गाडी लई लेट होते. बाबा सोबत असतील तर खालचा बर्थ घ्या आणि शाल दोन ठेवा.

महालची_आजी

जायच्या आधी बाबांना घेऊन आमच्याकडे ये. वृंदावन दाखवते. डब्यात सुधारस आणि दशम्या देईन, गाडीत खराब होत नाहीत.

निलगिरी

येते आजी. रविवारी सकाळी चालेल?