मदत हवी आहे: वायरलेस हेडसेटवर गाणी छान वाजतात, पण कॉलमध्ये पलीकडच्याला माझा आवाज नीट जात नाही

माझे बरेचसे काम मोबाइलवर बोलण्याचे असते आणि एकेक कॉल अर्धा-पाऊण तास चालतो. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून मान आखडते, शिवाय बोलता बोलता लिहूनही घ्यावे लागते, म्हणून मी दोन्ही कानांत घालायचे वायरलेस इअरबड्स वापरतो. गाणी ऐकण्यापुरती त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती पलीकडच्या माणसाची. मी विहिरीत उतरून बोलत असल्यासारखा आवाज येतो, असे जो तो सांगतो. खोलीत पंखा सुरू असला किंवा मी रस्त्यावर असलो, तर वाक्याचा शेवटच त्यांना ऐकू जात नाही. त्याच कॉलमध्ये इअरबड्स काढून फोन कानाला लावला की आवाज लगेच स्वच्छ होतो, त्यामुळे दोष नेटवर्कचा नसावा असे मी धरून चाललो आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. गाणे सुरू असताना कॉल आला की त्या क्षणापासून मलाही सगळे सपाट, दबलेले ऐकू येते. आणि फोन पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून चालू लागलो की मध्येच आवाज तुटतो. फोन टेबलावर समोर असला की तुटत नाही.

आता नवा हेडसेट घ्यावा असे वाटते, पण खोक्यावरचा मजकूर वाचून गोंधळ वाढतो. कुठे ‘ब्लूटूथ ५.३’, कुठे ‘एएनसी’, कुठे ‘ईएनसी’, कुठे ‘चार माइक’, आणि ‘एचडी कॉलिंग’ तर जवळपास सगळीकडेच. यांपैकी निव्वळ बोलण्यासाठी कशाला महत्त्व द्यावे? इअरबड्सच चांगल्या प्रतीचे घ्यावेत, की तोंडाशी येणारा दांडीचा माइक असलेला, एका कानाचा हेडसेट घ्यावा? मला चष्मा आहे आणि दोन फोन सांभाळावे लागतात, तेही कृपया लक्षात घ्यावे. रोज बराच वेळ फोनवर बोलणाऱ्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल. गाण्यांसाठीच्या शिफारशी नकोत.

प्रतिसाद

कॉल आल्यावर आवाज दबतो, तो इअरबड्स बिघडल्यामुळे नव्हे. गाणी ज्या ब्लूटूथ प्रोफाइलवरून (म्हणजे ठरावीक कामासाठीच्या जोडणीच्या पद्धतीवरून) येतात, त्या एटूडीपीमध्ये आवाज फोनकडून कानाकडे असा एकाच दिशेने जातो. त्यात तुमच्या माइकला जागाच नसते. कॉल सुरू झाला की दोन्ही दिशांना आवाज न्यावा लागतो, म्हणून फोन एचएफपी या प्रोफाइलवर जातो आणि तिथे आवाजाचा दर्जा बराच उतरतो. जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे साधारण ३,४०० हर्ट्‌झच्या वरचे काही पोहोचत नाही. स, श, फ यांतला फरक बराचसा त्याच वरच्या भागात असतो, आणि म्हणून नावे व स्पेलिंग पुन्हा पुन्हा सांगावी लागतात. एमएसबीसी कोडेक असेल तर नमुने १६,००० होतात आणि फरक कानाला चटकन कळतो. मात्र तो फोन आणि हेडसेट दोघांकडेही असावा लागतो. ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा हेच अभिप्रेत असते.

ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा पाहून हेडसेट निवडू नये. ५.२ पासून एलई ऑडिओ या आवाज पाठवण्याच्या नव्या पद्धतीची आणि त्यातल्या एलसी३ या चांगल्या कोडेकची सोय झाली हे खरे, पण ५.३ छापलेल्या प्रत्येक हेडसेटमध्ये ती असतेच असे नाही. शिवाय तुमचा फोनही ती सोय देत असेल, तरच तिचा उपयोग.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, तरी तुमच्या तक्रारीचे मूळ कोडेकपेक्षा माइकच्या जागेत अधिक आहे असे मला वाटते. इअरबडचा माइक कानाशी असतो आणि आवाज तोंडातून निघतो. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट मात्र माइक कुठेही असला तरी तेवढाच राहतो. दांडीचा माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर असल्यामुळे तिथे तुमचा आवाज मुळातच गोंगाटाच्या वर असतो. इअरबड्समध्ये ही कसर दोन-तीन माइक आणि सॉफ्टवेअर यांच्या मदतीने भरून काढावी लागते, आणि गोंगाट वाढला की ते सॉफ्टवेअर गोंगाटाबरोबर तुमचे शब्दही कापू लागते. वाक्याचा शेवट ऐकू जात नाही तो यामुळेच, कारण वाक्य संपवताना आपला आवाज खाली येतो.

एएनसी आणि ईएनसी यांची गल्लत विक्रेतेही करतात. एएनसी तुमच्या कानात शिरणारा गोंगाट कमी करते. पलीकडच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. ईएनसी तुमच्या माइकमधून जाणारा गोंगाट गाळते, म्हणजे तुम्हाला हवी आहे ती हीच. उलट दोन्ही कान बंद असले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. यासाठी ‘साइडटोन’ नावाची सोय असते: बोलताना तुमचा आवाज थोडासा तुमच्याच कानात ऐकवला जातो. लांबलचक कॉल करणाऱ्याने ती जरूर पाहावी.

माझे मत एका कानाच्या, दांडीच्या हेडसेटला. दुसरा कान मोकळा राहतो, भोवतालचे ऐकू येते. चष्म्यामुळे कानामागे अडकवायचा प्रकार टोचू शकतो, कारण काडी आणि हुक एकाच जागी बसतात. त्याऐवजी डोक्यावरून पट्टी येणारा घ्यावा. दिसायला तो कॉल सेंटरमधला वाटतो, त्याला इलाज नाही.

बॅटरीचे तास वाचताना ते गाण्यांचे आहेत की बोलण्याचे, हे नीट पाहावे. माइक आणि त्याचे सॉफ्टवेअर सुरू असल्यामुळे बोलण्याचे तास सहसा कमी भरतात.

प्रतिसाद

खरेदीआधी, आहे त्याच इअरबड्सवर थोडे करून पाहावे. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत त्या हेडसेटच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फोन कॉल्स’ हा पर्याय सुरू आहे ना ते पाहावे. तो बंद असला तर गाणी हेडसेटवर वाजतात आणि कॉल फोनवरच राहतो. जोडणी काढून टाकून नव्याने पेअर करावी. माइकची छिद्रे मळाने बुजतात, ती कोरड्या मऊ ब्रशने साफ करावीत; टाचणी घालू नये.

खिशाचे कोडे सोपे आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते आणि या लहरी शरीरातले पाणी शोषून घेते. मागच्या खिशातला फोन आणि कान यांच्यामध्ये तुमचे सगळे शरीर येते. फोन पुढच्या किंवा वरच्या खिशात, हेडसेट ज्या कानात असेल त्याच बाजूला ठेवावा.

आवाजाची परीक्षा रेकॉर्डिंगच्या ॲपवर करू नये, कारण अशी बरीच ॲप हेडसेट जोडलेला असतानाही फोनचाच माइक वापरतात. तुमच्याकडे दोन फोन आहेतच, तर एकावरून दुसऱ्यावर कॉल लावून, पंख्याखाली बसून कोणाला तरी एक उतारा वाचायला सांगावा आणि आपण दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकावा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फोन वरच्या खिशात ठेवल्यापासून आवाज तुटणे थांबले आहे. छिद्रे साफ करूनही पंख्याखालचा फरक अगदी किरकोळ पडला. वाचणाऱ्याचे ‘सात’ मला दोनदा ‘आठ’ ऐकू आले, आणि फोन नंबर घेण्याच्या कामात एवढी चूकही परवडणारी नाही. त्यामुळे डोक्यावरच्या पट्टीचा, एका कानाचा हेडसेट घ्यायचे ठरवले आहे. एकच शंका राहते: दोन फोन एकाच वेळी जोडलेले ठेवले तर गोंधळ होतो का?

प्रतिसाद

त्यासाठी हेडसेटमध्ये ‘मल्टिपॉइंट’ असले पाहिजे, आणि ते आहे याची खात्री माहितीपत्रकातच करून घ्यावी. दोन फोन लक्षात ठेवणे आणि दोन्हींशी एकाच वेळी जोडलेले राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एका फोनवर बोलत असताना दुसरा वाजला तर कानात सूचना येते, पण तेव्हा बटण दाबल्यावर चालू कॉल होल्डवर जाणार की बंद होणार हे प्रत्येक हेडसेटमध्ये निराळे असते. महत्त्वाच्या कॉलमध्ये हे कळण्याऐवजी घरच्याच माणसांना दोन्ही फोनवर कॉल लावायला सांगून आधी तपासून घ्यावे. मात्र दुसऱ्या फोनवर नोटिफिकेशनचे आवाज सुरू असतील तर ते बंद ठेवा. काही हेडसेटमध्ये तेवढ्या टिंगनेही पहिल्या फोनचा आवाज क्षणभर अडतो.