ऑनलाइन शिक्षणाचा कंटाळा नाही, पार थकवा आलाय – काय करता येईल?

प्रश्न – कोरी_वही

पूर्ण कोर्स ऑनलाइन आहे. आठवड्यातले सहा दिवस, रोज साधारण पाच तास लाइव्ह लेक्चर. जे चुकतं त्याचं रेकॉर्डिंग मिळतं, म्हणून "नंतर बघू" करत करत तीसेक लेक्चरांचा बॅकलॉग साचलाय. लॅपटॉप उघडला की छातीवर दडपण येतं. लेक्चर सुरू असतं, पण कानावरून जातं. पूर्वी आवडणारा विषयही नकोसा झालाय. रविवारी दिवसभर झोपूनही सोमवारी तसंच. वेळापत्रकं करून झाली, ती टिकत नाहीत. "मन लावून अभ्यास कर" यापलीकडचं, नेमकं काही सांगाल का? सुरुवात कुठून करायची?

उत्तर – समासातली_टीप

सुरुवात बॅकलॉगपासून करा, पण तो बघून संपवायला बसू नका. आधी तो कागदावर उतरवा. डोक्यात असतो तेव्हा त्याला टोक नसतं, आणि रविवारच्या झोपेचा उपयोग न होण्याचं एक कारण तेच आहे: शरीर पडलेलं असतं, पण काम संपल्याची खूण मनाला कुठेच मिळत नाही. प्रत्यक्ष वर्गात तास बुडाला की बुडाला. रेकॉर्डिंगमुळे बुडालेला प्रत्येक तास देणं म्हणून डोक्यावर राहतो.

आता हिशोब. एक लेक्चर 50 मिनिटांचं धरलं, तर थांबवत, मागे नेत, नोट्स काढत बघायला सहज 75 मिनिटं लागतात. तीस लेक्चर म्हणजे 37 तास 30 मिनिटं. रोजचे पाच तास सांभाळून एवढा वेळ कुठून आणणार? त्यामुळे "या रविवारी सगळं संपवतो" हे वेळापत्रक मोडणारच होतं. त्यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही.

त्याऐवजी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून यादीतल्या लेक्चरांचे तीन गट करा. ज्याच्यावर पुढचे धडे उभे आहेत (मूळ संकल्पना, सिद्धता, गणितं सोडवण्याची पद्धत) ते पूर्ण बघायचं. ज्याची माहिती स्लाइड किंवा पुस्तकात नीट मिळते, त्याचं रेकॉर्डिंग उघडायचंच नाही, 20 मिनिटं स्लाइड वाचायच्या. बाकीची उजळणी, शंकानिरसन, पुनरावृत्ती यांची लेक्चरं यादीतून खोडायची. समजा, 10 पूर्ण, 12 नुसत्या स्लाइडवर आणि 8 रद्द. मग 12 तास 30 मिनिटं अधिक 4 तास, म्हणजे साडेसोळा तास. चार आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार तासांच्या थोडं वर. हे जमण्यासारखं आहे. खोडताना हात अडखळेल, तरी खोडाच. "वेळ मिळाला तर बघू" असा चौथा गट केलात तर सगळं पुन्हा तिथेच येऊन साचेल.

क्रम मात्र उलटा ठेवा: आधी आजचं, मग जुनं. जुनं भरून काढायला आजचं लेक्चर सोडलं की बॅकलॉगचा आकडा तेवढाच राहतो, फक्त तारखा बदलतात.

आजचं लेक्चर संपलं की टॅब बंद करून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. पाच-सहा मुद्दे पुरेत. मग स्लाइड उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भरा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत असं दिसलं की पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे पुन्हा पुन्हा बघितल्याने "समजलं" असं वाटतं, आणि तेच फसवं असतं. थकलेल्या माणसाला याचा दुसरा फायदाही आहे. आज काहीतरी हाती लागलं हे कागदावर दिसतं. बर्नआउटमध्ये, म्हणजे सततच्या ताणाने पार गळून गेल्यावर, हीच जाणीव हरवते.

रेकॉर्डिंगच्या वेगाबद्दल: ओळखीच्या भागाला 1.25 ते 1.5 पट चालतो. सिद्धता आणि गणितं नेहमीच्याच वेगाने. दुप्पट वेगाने लावून दर मिनिटाला मागे नेण्यात काही वाचत नाही.

उत्तर – उघडी_खिडकी

वरचं सगळं पटलं. शरीराकडचं मी भर घालतो, कारण "लक्ष लागत नाही" यातला बराच भाग डोळे, मान आणि झोपेचा असतो.

स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, डोळे कोरडे पडतात, जळजळतात आणि मग डोकं दुखतं. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या, म्हणजे साधारण 6 मीटरवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा आणि मुद्दाम दहा-बारा वेळा पूर्ण पापण्या मिटा. स्क्रीन डोळ्यांपासून 50 ते 70 सेंटिमीटर लांब आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. लॅपटॉपवर हे एकाच वेळी साधत नाही: स्क्रीन उंच केली तर हात लोंबकळतात, खाली ठेवली तर मान वाकते. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर आणि साधा वेगळा कीबोर्ड-माउस टेबलावर, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

व्हिडिओ कॉलचा थकवा वेगळा मोजायला हवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची चार कारणं मांडली: खूप जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सतत दिसणं, एका जागी जखडलेलं शरीर, आणि हावभाव वाचायला-दाखवायला पडणारे जास्तीचे कष्ट. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. कॉलची खिडकी पूर्ण स्क्रीनभर न ठेवता लहान करा. सगळ्यांचे चौकोन दाखवणाऱ्या गॅलरीऐवजी फक्त बोलणारा दिसेल असा व्ह्यू लावा. दोन लेक्चरांच्या मध्ये बसून फोन बघू नका, उठून चाला. फोन बघताना डोळे आणि मान तेच काम करत राहतात, म्हणून ती विश्रांती ठरत नाही.

झोपेचं थोडक्यात: उठायची वेळ रोज एकच, रविवारीही फार तर तासभर उशीर. दिवसभर झोपलात की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार अर्ध्या झोपेवर सुरू होतो. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही शरीरात असतं, म्हणून दुपारनंतर बंद. शक्य असेल तर पलंगावर अभ्यास नको. जागा एकच असेल तर निदान दिशा बदला, अभ्यासाला भिंतीकडे तोंड, झोपताना वह्या नजरेआड.

कोरी_वही

आमच्याकडे कॅमेरा सक्तीचा आहे, बंद केला तर हजेरी लागत नाही. आणि 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी हे करून बघितलं, त्याने उलट चिडचिड झाली.

उत्तर – उघडी_खिडकी

कॅमेरा सुरू ठेवूनही स्वतःचा चेहरा लपवता येतो. झूममध्ये आपल्या चौकोनावरच्या तीन टिंबांत "हाइड सेल्फ व्ह्यू" असा पर्याय असतो. इतरांना तुम्ही दिसत राहता, फक्त तुमच्या स्क्रीनवरून तुमचा चौकोन जातो, त्यामुळे हजेरीला बाधा नाही. इतर अॅपमध्येही आपला चौकोन लहान करायची किंवा लपवायची सोय सहसा असते.

उत्तर – समासातली_टीप

25 मिनिटांचा आकडा पवित्र नाही. गणित किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये डोकं तापायलाच 15 मिनिटं लागतात, मग घंटी वाजली की राग येणारच. तिथे 45-50 मिनिटं आणि 10 मिनिटं सुट्टी ठेवा. याउलट ज्या दिवशी वही उघडवतच नाही, त्या दिवशी 15 मिनिटं, एकच प्रश्न. तो झाला की थांबायची पूर्ण मुभा, आणि ती मुभा खरीच द्यायची. "अजून थोडं" करत ओढलं तर उद्या ते 15 मिनिटांचं आश्वासन मन मानणार नाही.

उत्तर – पायरी_पायरी (विद्यार्थी समुपदेशन)

वरचे उपाय करा, पण सोबत एक गोष्ट तपासा. बर्नआउटची तीन अंगं मानली जातात: गळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद नोकरी-कामाच्या संदर्भात आहे, आजार म्हणून नाही. विद्यार्थ्यांमध्ये हीच तीन अंगं अभ्यासाबाबत दिसतात. तुमच्या प्रश्नात पहिली दोन स्पष्ट आहेत.

फरक असा ओळखा. अभ्यास बाजूला ठेवल्यावर मित्र, खेळ, गाणी यांत अजून रस वाटतो का? वाटत असेल तर गाठ बहुधा अभ्यासाच्या रचनेत आहे. पण कशातच रस नाही, मन जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदास, झोप-भूक बिघडलेली, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त चाललंय, तर नैराश्याची शक्यता धरून डॉक्टरांकडे जा. वेळापत्रकाने ते जाणार नाही. रक्तक्षय आणि थायरॉइडमुळेही असाच थकवा येतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासायचं का ते त्यांनाच विचारा. जगणं नको असे विचार आले तर त्याच दिवशी घरच्या किंवा जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा.

शिक्षकांना मेल करायला बरेच जण घाबरतात आणि डेडलाइन उलटल्यावर लिहितात. तेव्हा शिक्षकांच्याही हातात फारसं उरलेलं नसतं. दोन-तीन दिवस आधी, चार वाक्यांत लिहा: कोणती असाइनमेंट, आत्तापर्यंत किती झाली, कोणत्या तारखेला देऊ शकता, आणि नेमकी काय विनंती. उदाहरणार्थ: "सर, असाइनमेंट 3 मधले पहिले दोन प्रश्न पूर्ण झाले आहेत. तब्येतीमुळे तिसरा राहिला आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण देऊ शकेन. तेवढी मुदत मिळेल का?" सोबत झालेला भाग जोडा. पानभर कहाणी लिहू नका, ती लिहिण्यातच तुमची संध्याकाळ जाईल.

कोरी_वही

यादी करायला घेतली. एक विषय या सत्रात सोडून द्यावा असंही मनात आहे. ते योग्य होईल का?

उत्तर – पायरी_पायरी (विद्यार्थी समुपदेशन)

होऊ शकतं, पण अर्ज करण्याआधी कार्यालयाकडून पाच गोष्टी लेखी विचारून घ्या: विषय मागे घ्यायची शेवटची तारीख, गुणपत्रकावर तो "मागे घेतला" दिसेल की "अनुत्तीर्ण", उरलेल्या क्रेडिटवर पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून नोंद राहते का, शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाची अट मोडते का, आणि तो विषय पुन्हा कोणत्या सत्रात उपलब्ध होईल. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि पुढचे दोन विषय त्याच्यावर अवलंबून असतील, तर तो धरून ठेवा आणि दुसरा एखादा सोडा. तारीख जवळ असेल तर बॅकलॉगची यादी आज अर्धी राहिली तरी चालेल, आधी हा मेल पाठवा.